दामूकाकांचा चंद्र

दुपारचे बारा वाजले की दामूकाका कुजबुजत बोलू लागतात. वाडीतला पंप बंद होतो. नारळ पाडायला आलेल्या माणसाला "उद्या सकाळी ये" म्हणून परत पाठवलं जातं. कारण एकच. त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली कॅनडात असते आणि त्या वेळी ती झोपलेली असते.

"काका, तुमचा पंप तिला ऐकू जात नाही," मी पहिल्यांदा म्हणालो.

"ते मला बी कळतं, मास्तर," ते कुजबुजले. "पन पोरगी झोपलीय ना?"

मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. गिरीज गावात फ्लॅट घेतला तो निवांत वाचत बसावं म्हणून. गेल्या वर्षी पत्नी गेली, त्यानंतर कोणाशी बोलण्याची इच्छाही उरली नव्हती. पण आमच्या इमारतीच्या कुंपणाला लागूनच काकांची केळीची वाडी आहे, आणि मी भूगोलाचा मास्तर आहे हे त्यांना कुठूनसं कळलं.

तेव्हापासून मी त्यांना साडेअकरा तासांचा फरक समजावतो आहे. एकदा टेबलावर संत्रं ठेवून पृथ्वी फिरवून दाखवली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, संत्रं सोललं आणि विचारलं, "अकरा समजलं. हा वरचा अर्धा कशाला?"

आपल्या देशाची वेळ कोणत्या रेखांशावरून धरतात, ते मी सांगितलं.

"म्हंजे खोड आपलीच," ते म्हणाले.

नोव्हेंबरात तिकडची घड्याळं हिवाळ्यापुरती तासभर मागे गेली आणि फरक साडेबारा तासांचा झाला. तेव्हा ते माझ्यावरच चिडले. "चंद्राला विचारलं का त्यांनी?"

चंद्र मध्येच आला तो असा. काकांची बायको लेकीसाठी संकष्टी करायची. तीन वर्षांपूर्वी ती वारली आणि उपास काकांनी घेतला. आता उपास लेकीसाठी, म्हणून चंद्रही लेकीचाच हवा, असा त्यांचा हिशेब. इथला चंद्र उगवून मावळला तरी काका जेवणार नाहीत. वैशालीला तिकडे चंद्र दिसला, तिने फोनवर तसं सांगितलं, की मग सोडणार. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहाला!

"अहो, तोवर इथे पंचमी लागते!"

"तिकडं अजून कालच चाललंय, मास्तर."

बरं, त्यांना साखरेचा आजार आहे. वेळेवर खा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. शिवाय त्या प्रत्येक सकाळी तिकडच्या चंद्रोदयाची वेळ सांगायला मी त्यांच्या ओटीवर हजर पाहिजे. उपाशी माणसासमोर चहा पिणं बरं दिसत नाही, म्हणून मीही दहापर्यंत तसाच. असं सहा महिने चाललं होतं.

या संकष्टीला माझा संयम सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच निघालो. ठरवलं, वैशालीलाच फोनवर सांगायचं, बाई, तुझ्या बापाचा हा उपास बंद कर, नाहीतर एक दिवस चक्कर येऊन पडतील.

दार उघडंच होतं. काका स्वयंपाकघरात पाटावर बसले होते. ताटात वालाची भाजी, तांदळाची भाकरी. एक खाऊन झालेली असावी.

"काका!"

घास हातातच राहिला. "रात्रीच सोडला," ते म्हणाले. "इथला चंद्र बघून. दर खेपेला तसाच सोडतो."

"आणि मी सहा महिने चहावाचून बसतोय!"

"तुम्हाला कोनी नको म्हटलं?"

"पण मग हे नाटक कशाला?"

त्यांनी घास ताटात ठेवला. "तिची आई होती तवा पोरगी रोज फोन करायची. मला काय बोलता येतं? जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. झालं, संपलं. मग महिना जायचा. बाप उपाशी हाय म्हटल्यावर चुकत नाय ती. खिडकीत उभी राहते. चंद्र दिसंपर्यंत फोन ठेवता येत नाय ना, मग बोलत राहते."

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी ताट बाजूला सारलं, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि आवाज एकदम खोल नेला. "हां, बाय... नाय गो, अजून पानी पन नाय..." मग ऐकत राहिले. चेहरा पडला. फोन माझ्यापुढे धरला. "तुमच्याशी बोलायचंय म्हनते."

"सर, खरं सांगा," वैशाली म्हणाली. "बाबांना झेपतो का हा उपास? मला ऑफिसात पण काळजी लागून राहते. बंद करायला सांगू का त्यांना?"

मी हेच सांगायला आलो होतो. काका माझ्याकडे बघत होते. ओठाच्या कडेला भाकरीचा कण तसाच होता.

"झेपतो," मी म्हणालो. "मी समोरच बसलोय त्यांच्या. तब्येत उत्तम आहे. तू काळजी करू नकोस."

"पण आज इकडे ढग आहेत, सर. चंद्र दिसायला फार वेळ लागेल."

"इथे कोणाला घाई नाही," मी म्हणालो आणि फोन दामूकाकांच्या हातात दिला.