गर्दी टाळण्याचा उपाय

बुधवारी सकाळी सात वाजता यारित्सेल आरोग्य केंद्राच्या फाटकाशी पोहोचली. कुटुंबनियोजन विभाग बंद होता.

साथीमुळे पनामात सोमवार, बुधवार, शुक्रवार बायकांनी बाहेर पडायचं, मंगळवार, गुरुवार, शनिवार पुरुषांनी आणि रविवारी कुणीच नाही, असा नियम होता. दिवसांची अशी चोख वाटणी झाली होती. रात्रींची करायची राहून गेली होती.

"इंजेक्शनची तारीख उलटून गेलीय हो," यारित्सेल म्हणाली. तिसऱ्या बाळंतपणात तिचा रक्तस्राव थांबता थांबेना. चौथं झालं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"ताई, बायकांच्या दिवशी बायकांची गर्दी होते," पहारेकरी समजुतीने म्हणाला. "म्हणून बायकांचा विभाग आता पुरुषांच्या दिवशी. बघा, एकदम गर्दी संपली!"

गुरुवारी तिने नवऱ्याला, एलियेसेरला पाठवलं. विभाग उघडा होता, स्वच्छ होता आणि रिकामा होता.

"इंजेक्शन बायकोलाच टोचावं लागतं, भाऊ," नर्स ब्रिसेइदा म्हणाल्या. "की तुमच्या दंडात देऊ?"

"मग गोळ्या द्या."

"त्याआधी ब्लडप्रेशर बघावं लागतं." त्यांनी त्याचंच पाहिलं. "जास्त आहे. गोळ्या देता येणार नाहीत."

"निरोध तरी?"

"पुरुषांचं सामान बायकांच्या दिवशी. गर्दी नको ना! पण ते पुरुषांच्याच हातात द्यायचा नियम आहे."

एलियेसेर रिकाम्या हाताने परतला. "माझं ब्लडप्रेशर वाढलंय म्हणे," तो हताशपणे म्हणाला.

"अरे वा! म्हणजे आता मी तुझीही काळजी करू?" यारित्सेल म्हणाली. "ऊठ, तुझी उशी उचल आणि बाहेरच्या खोलीत झोप."

घराला बाहेरची खोली नव्हती.

टाळेबंदी वाढत गेली. मग एका सोमवारी यारित्सेल पुन्हा फाटकाशी आली. गरोदर बायकांची तपासणी अत्यावश्यक सेवेत मोडत असल्याने रोज चालू होती.

"गरोदर आहात?" पहारेकऱ्याचा चेहरा खुलला. "मग आत चला ना, ताई!"

"माहीत नाही. पाळी लांबलीय."

"असं नाही चालत. खात्री करून या."

"खात्री कुठे होते?"

"आत."

त्याच दुपारी जिल्हा कार्यालयाने जाहीर केलं की कुटुंबनियोजनासाठी एकही बाई आली नाही, यावरून लोक संयमाने वागत असल्याचं सिद्ध होतं. केंद्राचा गौरव झाला. ही बातमी आपणही वाचली, समाधानाने मान डोलावली आणि आज किती रुग्ण वाढले ते पाहायला पान उलटलं. यारित्सेल तेव्हा फाटकाबाहेरच उभी होती.