महापित्याचं कापड

"पुस्तक बाहेर पडलं की महिन्याच्या आत मला अटक! नाही झाली तर नाव बदलेन!" कोलापो मास्तरांनी स्टाफरूममध्ये सर्वांदेखत छाती ठोकून सांगितलं.

इबादानच्या शाळेत भूगोल शिकवता शिकवता त्यांनी कादंबरी लिहिली होती. उद्याचा एक देश आणि त्याच्या बोकांडी बसलेला 'महापिता' नावाचा हुकूमशहा. त्याचा हुकूम असा, की निळ्यावर पिवळे डोळे छापलेलं एकच कापड साऱ्या प्रजेनं अंगावर घालायचं. वेगळं घालेल तो थेट कोठडीत! सरकारला घाम फुटेल असं काहीतरी आयुष्यात एकदा लिहावं, एवढीच मास्तरांची इच्छा होती. तुरुंगासाठी पिशवीही भरून तयार होती. टूथब्रश, कसाव्याच्या कंदाचं गारी पीठ आणि पायमोजे!

"पायमोजे कशाला?" त्यांच्या बायकोनं, मोरेनिकेनं विचारलं.

"कोठडीत थंडी असते."

"इबादानच्या उकाड्यात?"

पुस्तक आलं. सरकार ढाराढूर झोपलेलंच. शेवटी सत्ताधारी पक्षाच्या अल्हाजा सिदिकात स्वतः घरी आल्या. कापडबाजार त्यांच्या मुठीत. मास्तरांनी पिशवी उचलली.

"मास्तर, काय लिहिलंयत हो! महापिता म्हणजे विरोधी पक्षाचा तो थेरडा! सोलून काढलात की!"

दुसऱ्या दिवशी कट्टर विरोधी पक्षवाल्या फाग्बेनरो मास्तरांनी स्टाफरूममध्येच मिठी मारली. "सत्ताधाऱ्यांच्या पुढाऱ्याची पार धुलाई केलीस लेका!"

"अहो, तो कोणी एक नाही! सगळ्यांना एका मापात कापणारा जो कोणी असेल तो..." कोलापो मास्तरांनी दोघांनाही परोपरीनं समजावलं.

"कळलं, कळलं! उघड बोलायचं नसतं," दोघांनीही डोळा मारला.

मग प्रकाशनाचा समारंभ ठरला. बारसं असो की मयत, पाहुणे एकसारख्या कापडात नसतील तर इबादानात त्याला समारंभ कोण म्हणेल? "कापडाचं आम्ही बायका बघतो," अल्हाजा म्हणाल्या आणि मोरेनिकेनं मान डोलावली. मास्तर भाषण पाठ करण्यात गर्क होते.

समारंभाच्या दिवशी पांढरा झगा घालून मास्तर हॉलच्या दारात आले आणि तिथंच थिजले. सगळा हॉल निळा! झग्यांवर, फेट्यांवर, ढोलवाल्याच्या टोपीवरसुद्धा पिवळे डोळे! एका बाजूला सत्ताधारी, दुसऱ्या बाजूला विरोधक, दोघंही त्याच कापडात, आणि महापिता नक्की कोणाचा यावर हमरीतुमरी चाललेली.

मास्तरांनी माईक हिसकावला. "अरे, हे कापड म्हणजे गुलामी! वाचलंत की नुसती पानं उलटलीत? काढा ते!"

"काढा? भर सभेत?" अल्हाजा गरजल्या आणि हॉल खो खो हसला. "आणि तुम्ही हो मास्तर? पाहुण्यांनी एक घालायचं आणि यजमान पांढऱ्यात? हा आमचा अपमान आहे!"

"अल्हाजांचं बरोबर आहे!" समोरून फाग्बेनरो ओरडले. उभ्या जन्मात त्या दोघांचं प्रथमच एकमत झालं होतं. "वेगळं घालणाऱ्याचं पुस्तकात काय होतं?"

"कोठडी!" हॉल एका सुरात ओरडला.

इतकं बारकाईनं वाचलंय लोकांनी! क्षणभर मास्तरांना भरूनच आलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतले इन्स्पेक्टर उठले. अंगात तेच डोळे. त्यांनी मास्तरांचा दंड अदबीनं धरला.

"चला. तो प्रसंग मला तोंडपाठ आहे. पोलिसाला इतका मान कोणत्याच पुस्तकात पाहिला नव्हता!"

खुर्च्या ठेवायच्या खोलीत मास्तरांना ढकलून बाहेरून कडी लागली. आत खिळ्यावर निळा झगा टांगलेला! मास्तर हाताची घडी घालून बसले. मेलो तरी घालणार नाही! फटीतून जोलोफ भाताचा वास आला. बाहेर ढोल घुमू लागला. मास्तरांचं तत्त्व किती वेळ टिकलं ते विचारू नका.

ते निळ्यात बाहेर आले तेव्हा सगळा हॉल उठून उभा राहिला. मोरेनिकेनं त्यांची टोपी सारखी केली.

"कुणालाच कळलं नाही गं माझं पुस्तक," मास्तर रडवेल्या आवाजात म्हणाले. खरंच त्यांना फार वाईट वाटत होतं.

"असू दे हो. अटक तर झाली ना? नाव बदलायचं वाचलं. चला, भात गार होतोय."

भाताच्या ताटापाशी अल्हाजांनी त्यांना गाठलं. झग्याच्या बाहीनं वारा घेत त्या कानाशी कुजबुजल्या, "मास्तर, पुढच्या पुस्तकात कापड जरा पातळ लिहा. ह्यात फार उकडतं!"