स्नानगृहे: एक, पुराव्यासह

दादांच्या घरात खोल्या चौदा होत्या आणि बाथरूम एक होतं. घर विकायला काढेपर्यंत यातला कुठलाही आकडा चुकीचा आहे असं त्या घराण्यात कोणाला वाटलं नव्हतं. आजोबांनी घर बांधलं ते ऐसपैस. खिडक्यांना रंगीत काचा, जिन्याला बावीस पायऱ्या, आणि दरवाजे एवढे उंच की हत्तीवर बसून आत यावं. मात्र हत्तीवरून उतरल्यावर पाय धुवायचे तर रांगेत उभं राहावं लागे.

रांग ही त्या घराची शिस्त होती. जिन्याखालच्या त्या एकुलत्या एक बाथरूमच्या दारावर क्रमयादी लावलेली असे, ज्येष्ठतेनुसार. दादांची बायको लग्न होऊन आली तेव्हा तिचा नंबर अकरावा होता. सगळे तिला वहिनी म्हणत. पुढे कोणी नोकरीसाठी गेलं, कोणी लग्न होऊन गेलं, कोणी कायमचंच गेलं, आणि तसतशी वहिनींना बढती मिळत गेली. चौतीस वर्षांनी घरात दोनच माणसं उरली होती आणि वहिनींचा नंबर दुसरा होता.

दादा नगर कार्यालयाच्या आवक-जावक विभागातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. तेहतीस वर्षं त्यांनी अपुऱ्या कागदांना घरी परत पाठवलं होतं. आपण कुणाचं काही अडवलं असं त्यांना कधीच वाटलं नाही. आपण कागदाला वळण लावतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

अडचण वहिनींच्या गुडघ्यांची होती. झोपायची खोली वर, बाथरूम खाली, मध्ये बावीस पायऱ्या. खाली सात खोल्या होत्या, पण त्या धाकट्या भावाच्या आणि बहिणीच्या वाटणीच्या. दोघं दूरदेशी, खोल्यांना कुलपं आणि किल्ल्या त्यांच्याकडे. बाथरूम तेवढं सामाईक. "एक खोली उघडून मागा ना त्यांच्याकडे," असं वहिनी म्हणाल्या, तेव्हा दादांनी वाटणीपत्राचं चौथं कलम वाचून दाखवलं होतं.

शेवटी डॉक्टर म्हणाले की जिना बंद करा, नाहीतर गुडघे बंद होतील. त्या दिवशी वहिनी प्रथमच स्पष्ट बोलल्या.

"अहो, मला खालच्या मजल्यावरचं छोटं घर हवं. पलंगावरून उठलं की चार पावलांवर बाथरूम. आणि बाहेरून कोणी दार वाजवायचं नाही."

"दार मी वाजवत नाही, फक्त वेळ सांगतो," दादा म्हणाले.

"तेच ते."

भावंडांनी लगेच संमतीपत्रं पाठवली. भावाने वर एक ओळ लिहिली होती: विकून टाक एकदाचं. वहिनींनी दोन गल्ल्या सोडून एक लहानसा फ्लॅटही पाहून ठेवला. मालकाने तो पुढच्या महिनाअखेरपर्यंत राखून ठेवायचं कबूल केलं. घर विकायला पाच आठवडे होते, आणि पाच आठवड्यांत या जगात कुठलंही काम होतं, असं वहिनींना वाटत होतं, कारण त्यांनी सरकारी नोकरी केली नव्हती. त्या शाळेत शिवण शिकवत. तिथे कापड फाटलं तर त्याच तासात शिवावं लागे.

घर दाखवायला एजंट येऊ लागला. पहिलं गिऱ्हाईक रंगीत काचा पाहून भारावलं, उंच छत पाहून गहिवरलं, आणि "बाथरूम किती?" विचारून निघून गेलं. दुसऱ्याने तर खोल्या मोजता मोजताच विचारलं, "ही सगळी बाथरूमं कुठे आहेत?" दादांनी अभिमानाने जिन्याखालचं दार उघडून दाखवलं आणि क्रमयादीची पद्धत समजावून सांगितली. चौदा माणसं सकाळी नऊच्या आत कशी आटोपत, सुट्टीच्या दिवशीची यादी वेगळी कशी, पाहुण्यांना तात्पुरता क्रमांक कसा मिळे. गिऱ्हाईक शेवटपर्यंत ऐकून गेलं आणि पुन्हा आलं नाही.

"दादा, तेवढी यादी काढा दारावरून," एजंट म्हणाला. "लोक घर बघायला येतात, दवाखाना नव्हे."

दवाखान्याचंच माणूस पुढे फिरकलं. दातांच्या एक डॉक्टरीणबाई आल्या, पंचेचाळिशीच्या, भराभर चालणाऱ्या. खाली दवाखाना, वर घर, असा त्यांचा विचार होता. बाथरूम एकच म्हटल्यावर त्या मोकळेपणी हसल्या.

"एक तर एक! मी सहा बांधणार आहे, काका. मला भिंती आवडल्या. कागद करून टाकू."

वहिनींनी चहा टाकला. दादांना तो आवाज स्वयंपाकघरातून आला, भांड्याचा. त्यात उघड आनंद होता. सगळं जमलं होतं. एजंटने पिशवीतून छापील माहितीपत्रक काढलं, दादांच्या हातात पेन दिलं, आणि इथे घात झाला. नवव्या रकान्यात छापलं होतं: स्नानगृहे, संख्या, पुराव्यासह.

"एक लिहा आणि पुढे चला," एजंट म्हणाला.

"पुरावा?"

"अहो दादा, ते आहे ना तिथे! दार उघडलं की दिसतं."

"दिसणं म्हणजे पुरावा नव्हे," दादा म्हणाले. हे वाक्य त्यांनी नोकरीत किती वेळा उच्चारलं असेल याची गणती नव्हती, आणि निवृत्तीनंतर ते पुन्हा म्हणायला मिळालं याचं त्यांना बरंही वाटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला नको पुरावा. दादा म्हणाले, तुम्हाला नको, पण रकान्याला हवा.

दुसऱ्या दिवशी नगर कार्यालयाच्या बांधकाम विभागात दादांचा अर्ज दाखल झाला. सदर घरात एक स्नानगृह असल्याचा दाखला मिळणेबाबत. विभागाने मूळ नकाशा शोधून काढला. त्यात जिन्याखाली, जिथे बाथरूम होतं तिथे, आजोबांच्या काळच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: सरपण.

तपासनीस टेप घेऊन आला. त्याने बाथरूम तीन वेळा मोजलं, बादली बाहेर काढून चौथ्यांदा मोजलं, आणि आठवड्याभरात नोटीस आली की नकाशात लाकडं ठेवायच्या जागेत घरातली माणसं गेली ऐंशी वर्षं विनापरवाना आंघोळ करत आहेत. अनधिकृत बांधकाम पंधरा दिवसांत पाडावं. दादांनी नोटीस वाचली. मसुदा निर्दोष होता. त्यांना राग आला, पण परिच्छेदांना क्रमांक दिले होते हे नजरेतून सुटलं नाही.

पाडायला माणसं आली ती जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा कक्षाचं पत्र घेऊन आलेल्या माणसाला दारात धडकली. बाथरूममधल्या फरशा ऐंशी वर्षांपूर्वीच्या, नळ पितळी, त्यामुळे ते जतनयोग्य ठरलं होतं. त्याला हात लावायचा नव्हता. दोन्ही कार्यालयं एकाच इमारतीत, एक वर आणि एक खाली. त्यांनी आपसात सुसंवाद साधून मध्यम मार्ग काढला: अनधिकृत असल्यामुळे वापरायचं नाही, वारसा असल्यामुळे पाडायचं नाही. दाराला लाखेचं सील लागलं.

आता खोल्या चौदा आणि बाथरूम शून्य. दादा आणि वहिनी समोरच्या शिंप्याकडे आंघोळीला जाऊ लागले. शिंप्याची बायको पहिल्याच सकाळी म्हणाली, "काकू, तुम्ही जा आधी. आमच्याकडे नंबर नसतो." चौतीस वर्षांत वहिनी पहिल्यांदा पहिल्या नंबरावर आंघोळ करून आल्या, आणि ती परक्याच्या घरी. खांद्यावर टॉवेल, एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्याने भिंतीचा आधार घेत त्या रस्ता ओलांडताना दादांनी वरच्या रंगीत काचेतून पाहिलं. त्यांना लाज वाटली. इतकी की त्यांनी वारसा कक्षाला एक स्मरणपत्र लिहिलं.

स्मरणपत्राचं उत्तर करआकारणी विभागाकडून आलं. ज्या वास्तूत स्नानगृह नाही ती मनुष्यवस्तीस योग्य नाही, सबब सदर घराची नोंद यापुढे गोदाम अशी करण्यात येत आहे. सोबत एक विवरणपत्र होतं. त्यात एकच प्रश्न होता: गोदामात साठवलेला माल, नगांमध्ये.

दादांनी विचार करून लिहिलं: दोन.

वहिनींनी ते खांद्यावरून वाचलं. "जुना माल असंही लिहा," त्या म्हणाल्या, "म्हणजे सूट मिळेल." आणि त्या खोलीत निघून गेल्या. दादांना कळलं की हा विनोद नव्हता.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "काका, गोदामावर मला घरासाठीचं कर्ज मिळत नाही. तीस तारखेपर्यंत थांबते. मग मला दुसरीकडे बघावं लागेल. काकूंना सांगा, मला खरंच वाईट वाटतंय."

एकोणतीस तारखेला वहिनी म्हणाल्या, "मी येते तुमच्या ऑफिसात."

"तू कशाला? गुडघे दुखतील."

"दुखतातच आहेत. निदान कारणी तरी लागतील."

नगर कार्यालयात दोघं बाकावर साडेतीन तास बसले. मग वहिनींना उठावंसं वाटलं. शिपायाने सांगितलं की इमारतीत एकच बाथरूम आहे, त्याला कुलूप आहे, किल्ली साहेबांच्या टेबलावर आहे आणि अभ्यागतांसाठी ती सोय नाही. वहिनींनी पदर सारखा केला आणि चिठ्ठी न पाठवता सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. दादा मागून "अगं, आधी चिठ्ठी!" असं पुटपुटत आत शिरले.

"साहेब, किल्ली द्या," वहिनी म्हणाल्या.

"बाई, ती कर्मचाऱ्यांसाठी आहे."

"कर्मचारी किती?"

"बासष्ट."

"आणि नकाशात बाथरूम किती दाखवलीत?"

साहेबांनी दादांकडे पाहिलं, मग छताकडे.

"मग हे पण गोदामच की हो," वहिनी म्हणाल्या. "आमच्यात दोन नग आहेत, तुमच्यात बासष्ट. साहेब, तुम्ही सकाळी घरून किती वाजता निघता?"

"आठला."

"आणि तुमचा नंबर?"

साहेब एखाद्या आजाराची कबुली द्यावी तसे हळू आवाजात म्हणाले, "घरी चौथा आहे, काकू. सासूबाई आल्या की पाचवा." त्यांनी किल्ली पुढे सरकवली, टेबलाचा खण उघडला, कोरा कागद काढला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: सदर स्नानगृह पूर्वापार वापरात असल्याने ते नियमित करण्यात येत आहे. सही केली आणि शिक्काही मारला. वहिनी परत येईपर्यंत अकरा मिनिटांत सगळं उरकलं होतं. पाच आठवड्यांचं दुखणं एका कागदावर मावलं. वहिनींनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. पायऱ्या उतरताना त्या हसत होत्या. गुडघ्यांसकट उतरत होत्या.

"बघू जरा," दादा म्हणाले.

त्यांनी कागद उघडला. सही होती, तारीख होती, शिक्का गोल आणि स्वच्छ होता. फक्त डाव्या कोपऱ्यात, जिथे असायला हवा तिथे, जावक क्रमांक नव्हता.

"चला हो," वहिनी म्हणाल्या.

"एक मिनिट."

"अहो, चला. डॉक्टरीणबाई वाट पाहतायत. कोण बघतंय तो नंबर?"

"मी बघितला ना," दादा म्हणाले, आणि परत वर गेले.

जावक खिडकीत दादांच्याच हाताखाली तयार झालेला क्लार्क होता. त्याने उभं राहून नमस्कार केला, कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. "सर, क्रमांक देतो, पण याला आवक कुठाय? टिप्पणी नाही, फाईल नाही. साहेबांनी थेट लिहिलंय. हा कागद असा बाहेर जाऊच शकत नाही."

"साहेबांची सही आहे," दादा दुबळेपणाने म्हणाले.

"सर, सही म्हणजे कार्यवाही नव्हे. तुम्हीच शिकवलंत." त्याने कागदाला टाचणी मारली आणि तो ‘फेरतपासणी’ लिहिलेल्या ट्रेमध्ये ठेवला. काम चोख होतं. दादांना क्षणभर, फक्त क्षणभर, भरून आलं. आपल्यामागे कोणीतरी आहे असं वाटलं. मग त्यांनी वळून पाहिलं. वहिनी जिन्यात नव्हत्या.

फेरतपासणीला सात आठवडे लागतील असं कळलं. डॉक्टरीणबाईंनी एक तारखेला दुसरं घर घेतलं, चार बाथरूमचं. राखून ठेवलेला फ्लॅटही गेला. वहिनींनी मात्र स्वतःच्या शाळेच्या पेन्शनवर त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतली. त्या दोन पिशव्या घेऊन निघाल्या तेव्हा दादा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते.

"मी कधी येऊ?" त्यांनी विचारलं.

वहिनी थांबल्या. चिडलेल्या नव्हत्या, आणि तेच दादांना जास्त लागलं.

"अर्ज करा," त्या म्हणाल्या. "बघते."

दादांनी अर्ज केला. विषय, संदर्भ, मसुदा, तीन प्रती. स्वतः नेऊन दिला. वहिनींनी तो दारातच वाचला, मागून पंख्याचा आवाज येत होता आणि चार पावलांवर एक दार अर्धं उघडं दिसत होतं. "ठेवून जा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. दादा बाहेरच्या कठड्यावर बसून राहिले. अजून बसलेले आहेत. पोच मिळाल्याशिवाय जाणार नाहीत.

तुम्ही म्हणाल, काय हा माणूस! हातात आलेलं सगळं एका आकड्यासाठी घालवलं. खरं आहे. पण आता वाचणारं इथे आपल्याशिवाय कोणी नाही, तर मनावर हात ठेवून सांगा. जिन्यात त्या कागदाचा डावा कोपरा कोरा निघाला तेव्हा, एवढं झालंच आहे तर तेवढा नंबरही टाकून घ्यावा, असं तुम्हालाही वाटलंच ना?