नानांची पुण्यातली कापी

आमच्या ईट गावातून कुणी पुण्याला निघालं, की दिगंबरनाना त्याला स्टँडवर गाठतात आणि कॉफीची दुकानं सांगत सुटतात. मग माणूस दवाखान्यात निघालेला असो, नाहीतर कोर्टात.

"बाणेरात वडाखाली दुकान हाय, तिथं जा. उंच खुर्चीवर बसू नको, पाय लोंबकळत्यात. औंधातलं लई थंडगार, टोपी काढू नको. अन् कोथरुडात कापीवर दुधाचं पान काढून देत्यात. बघत बसू नको, पिऊन टाक."

गावात चहात तीन चमचे साखर लागणारा हा धोतरातला माणूस तिथं काळी, कडूजहर कॉफी पितो. का? तर म्हणे, "लवकर सरत न्हाय. तेवढंच पोराजवळ बसणं व्हतं."

नानांच्या एकुलत्या एका मुलानं पुण्यात फ्लॅट घेतलाय. "औंदा पोराचं घर बघूनच येतो," असं सगळ्या पाराला ऐकवून नाना दर खेपेला निघतात. परत येतात ते नवीन दुकान बघून.

"घर कसंय, नाना?"

"कापी लई ब्येस व्हती!"

पार खो खो हसतो. मला मात्र त्या पोराचा संताप येतो. अरे, दारात परका माणूस आला तरी आपण त्याला आत घेतो, पाणी देतो. आणि बापाला हॉटेलात भेटतोस? एकदा मी हे बोललो, तर नाना माझ्यावरच उखडले. "त्येला टाइम नसतो, मास्तर! वाटंतच बरं पडतं."

परवा मी पुण्याला निघालो, तर नाना खव्याचा डबा घेऊन हजर. "नातवाला द्या तेवढं."

"देतो की. घरी जाऊनच देतो. पत्ता सांगा."

"बाणेरात वडाखाली..."

"दुकान नको, नाना. घर."

नाना धोतराच्या सोग्यानं उगीच डबा पुसत राहिले.

"पोराला फोन करा, त्यो दुकानात येतो," ते म्हणाले. "घराचं नाव नका काढू. मग त्येचा फोनच लागत न्हाय."

गाडी लागली तसा त्यांनी माझा हात धरला.

"मास्तर, नातू कुणावर गेलाय, तेवढं इचारून या. फोटूत नीट कळत न्हाय."