देशकरकाकांचे टेन्शनर

आमच्या सोनागिरी कॉलनीत देशकरकाका कुणालाही ‘कसे आहात’ असं विचारत नाहीत. गाडी चालू ठेवायला सांगतात, इंजिनाला लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, टेकवतात, त्याची मूठ कानाला लावून डोळे मिटतात आणि निकाल देतात, “होपलेस केस आहे, बाप्पा!”

कारखान्यातून रिटायर झाल्यापासून हाच निकाल त्यांनी माझ्या स्कूटरबद्दल, कॉलनीच्या पंपाबद्दल, समोरच्यांच्या लग्नातल्या बँडबद्दल आणि खुद्द माझ्या तब्येतीबद्दल दिलेला आहे. छातीला पेचकस लावला नाही, एवढंच. फक्त स्वतःच्या जुनाट कारला ते कधी असं म्हणत नसत.

मग तीच कार रोज सकाळी सुरू होताना खडखडायला लागली. काकांनी पेचकस लावला, काढला, पुन्हा लावला.

“टेन्शनर गेले,” शेवटी म्हणाले. “इंजिनात साखळी असते. तिला ताणून धरतात ते. ते थकले की साखळी ढिली पडते. चाकांच्या दातांवरून घसरली की वॉल्व्ह पिस्टनवर आपटून सगळं खल्लास!”

गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, “अंकल, कबाड में दे दो.” पुण्याहून एक लांबचा भाचा फोनवर तेच म्हणाला, शुद्ध मराठीत. काकांनी दोघांनाही होपलेस ठरवलं, दिल्लीहून टेन्शनरची जोडी मागवली आणि पोर्चमध्ये स्वतःच इंजिन उघडलं.

हा सगळा आटापिटा अक्कांसाठी होता. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर त्यांनीच काकांना वाढवलं. काकांनी लग्न केलं नाही. घरात ही दोघंच. हल्ली अक्कांना काका ओळखू येत नाहीत. दुपार कलली की त्या पिशवी भरतात आणि “नागपूरला घरी जायचंय” म्हणून निघतात. काका त्यांना कारमध्ये बसवायचे, कॉलनीला चकरा मारून पुन्हा आपल्याच दारात आणायचे आणि सांगायचे, “उतरा, आलं नागपूर.” अक्का समाधानानं उतरायच्या.

नवे टेन्शनर दाबून, पिन अडकवून पाठवलेले असतात. बसवल्यावर पिन ओढली की ते साखळीला रेटून धरतात. काकांनी एकाची पिन ओढली. दुसऱ्याची ओढणार तेवढ्यात फाटक वाजलं. अक्का पिशवी घेऊन रस्त्याला लागल्या होत्या. काका तसेच काळ्या हातांनी धावले. कशीबशी समजूत घालून त्यांना आणलं, निजवलं आणि घाईघाईनं येऊन इंजिनाचं झाकण लावून टाकलं.

किल्ली फिरवली. आतून काहीतरी मोडल्यासारखा आवाज आला. मग काहीच नाही.

झाकण पुन्हा उघडलं, तर दुसऱ्या टेन्शनरची पिन जागच्या जागी. काका तिच्याकडे बघत फरशीवर बसून राहिले. मी पाणी नेलं, ते त्यांनी घेतलं नाही.

“आता ऐकायला काही उरलंच नाही,” म्हणाले. “उद्या ती निघाली की काय सांगू?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राहवेना म्हणून गेलो. दोघं बंद कारमध्ये बसली होती. अक्कांच्या मांडीवर पिशवी. काका स्टिअरिंग हलके हलके फिरवत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

“होशंगाबाद गेलं,” ते नागपूरच्या वाटेवरची गावं मोजत होते. “आता इटारसी.”

अक्का खिडकीतून आमच्या कुंपणाकडे मोठ्या कौतुकानं बघत होत्या. काकांनी मला मानेनंच खूण केली. मी मागचं दार उघडून बसलो.

अक्का वळल्या. “तुम्हाला कुठं उतरायचंय?”

“बैतूलला,” मी म्हणालो.

“मग आत्ताच सांगून ठेवा ह्या भाऊला,” त्या काकांकडे बोट दाखवत हळूच म्हणाल्या. “माणूस चांगला आहे. थांबवतो.”