आबांचा प्रॉपर चॅनल

लिहायला बसलोय खरा, पण हात कचरतोय. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लेख लिहिणं आपलं काम नव्हे, असं अजूनही वाटतं. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

पण आबा होतेच तसे. साताऱ्यात मी त्यांच्याकडे खोली घेऊन राहायचो. फौजेच्या सिग्नल्स म्हणजे संदेशवहन विभागातून निवृत्त झालेला हा हवालदार रोज सकाळी मनगटी घड्याळाला चावी देण्याआधी त्याला सलाम ठोकायचा.

"सलाम कशाला, आबा?"

"सिनियर हाय ते. लढाईत वापरलं, मंग लोकांच्या हातात आलं. फौजंत आधी, गावात मंग!"

आबांच्या मते डबाबंद फळं, जीप, सगळं आधी फौजेचं. "रडारच्या लहरींवर आता भात शिजतोय गड्या, भट्टी निघालीय तसली!"

आबांच्या पत्नी, आमच्या काकी, चिवड्याची ताटली पुढं सरकवायच्या. "आन् ह्यो कुठल्या लढाईत निघाला?"

आबा गंभीर व्हायचे. "चौकशी करावी लागंल."

एकदा पेपरात आलं, की क्षेपणास्त्रासाठी शोधलेल्या हलक्या पदार्थापासून एका हॉस्पिटलानं पोलिओ झालेल्यांसाठी पायाला आधार देणारे कॅलिपर बनवलेत. आबांनी कात्रण कापलं. त्यांची मुलगी मंगलताई जतला शाळेत शिकवायची, पायात जड लोखंडी कॅलिपर घालून.

आबांनी अर्ज लिहिला आणि पाठवला कुठं, तर आपल्या जुन्या युनिटला! तिथून तो वर जाणार, मग आणखी वर.

"आबा, सरळ हॉस्पिटललाच लिहा की," मी चाचरत म्हणालो.

"हवालदारानं डायरेक्ट मोठ्या साहेबाला लिव्हायचं? शिस्त हाय का न्हाई? प्रॉपर चॅनल!"

वर्ष गेलं. 'आमच्याशी संबंधित नाही' असा शेरा घेऊन अर्ज तीनदा परत आला. आबा तारीख बदलून पुन्हा त्याच वाटेनं धाडायचे.

मग एका दुपारी त्यांनी माझ्यापुढं कोरं आंतरदेशीय पत्र ठेवलं. "लिही. सरळ हॉस्पिटलला."

मी पेनाचं टोपण काढलं.

"मंगलला ताप आला तवा मी सीमेवर हुतो," ते भिंतीकडं बघत म्हणाले. "तार आली. रजेचा अर्ज चॅनलनं धाडला. मंजूर हून घरी पोचलो, तवा पोरगी चालायची थांबली हुती."

मी लिहिलं. पुढं परीक्षा संपली आणि मी इस्लामपूरजवळच्या माझ्या गावी परतलो. शाळा सुरू झाल्यावर मंगलताईंचं कार्ड आलं.

"नवा कॅलिपर बसला. खूप हलका आहे. काल शाळेपर्यंत चालत गेले. इथं आलेले आबा मागून येत होते. फाटकाशी वळून पाहिलं, तर ते वाटेतच थांबलेले. टँकरवाल्याला अडवून सांगत होते, 'हॉर्न वाजवू नगंस रं, माझी पोरगी चालतीया.'"