बापटांची लांबलेली चाल

डॉक्टर बापट सोंगटी मारली की तिची माफी मागतात. "सॉरी हं उंटराव, ग्रँड खेळलात," असं म्हणून तिला अलगद डबीत ठेवतात. मग चहा टाकतात. मग खिडकीतून पाऊस बघतात. मग विचारतात, "चाल कोणाची होती?"

आयर्लंडमध्ये स्लायगोला डॉक्टर असलेले हे नागपूरकर आणि डब्लिनच्या सिटीवेस्टला कोड लिहिणारा मी, २०२१च्या लॉकडाऊनमध्ये मराठी मंडळाच्या बुद्धिबळ स्पर्धेत समोरासमोर आलो. समोरासमोर म्हणजे व्हिडिओ कॉलवर. आपापल्या घरी पट मांडायचा आणि चाल तोंडी सांगायची. घड्याळ नाही. माझं रेटिंग त्यांच्यापेक्षा पाचशेनं जास्त. इतक्या कच्च्या माणसाला हरवणं पाप आहे, असं मला मनापासून वाटत होतं. तयारी मात्र कसून केली होती.

पहिल्या चालीनंतर त्यांनी विचारलं, "काय जेवलात?" पुढच्या चालीला माझ्या बायकोची तब्येत, मग वांग्याच्या भाजीची कृती. या गप्पांमुळे हरलो असं मी म्हणणार नाही. मी हावेनं हरलो. फुकट दिसला म्हणून हत्तीनं त्यांचा उंट खाल्ला, आणि लगेच कळलं: माझा राजा स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला आणि मागची ओळ मोकळी. त्यांचा हत्ती तिथे आला की मात.

बापट पटाकडे बघत राहिले. चहा झाला, पाऊस बघून झाला. शिक्षा व्हायचीच तर लवकर व्हावी, असा माझा स्वभाव. शेवटी मीच ओरडलो, "अहो डॉक्टर, हत्ती! शेवटची ओळ!"

"दिसली न भाऊ. तुम्ही उंट खाल्ला तेव्हाच दिसली."

"मग खेळा ना! छळता कशाला?"

"खेळतो न. पण मात झाली का तुम्ही 'छान खेळलात' म्हणाल अन् कॉल बंद कराल." ते थोडं हसले. "बायको-पोरं गेल्या वर्षीपासून नागपुरातच अडकलेत. घरात दुसरा आवाज नाही हो."

माझं बोट खरोखरच कॉल बंद करायच्या बटणाजवळ होतं. मी हात मांडीखाली घेतला.

"मात द्या," मी म्हणालो, "आणि पट पुन्हा मांडा. पुढच्या डावात पांढरी तुमची."

त्यांनी हत्ती सरकवला. मी माझा पडलेला राजा उचलेपर्यंत त्यांचा पट मांडून तयार होता. इतकं भरभर काही करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.